संतुलित जळू-माशी

संतुलित जळू-माशी : सरोवरातील ट्राउट माशांच्या मासेमारीत वापरण्यात येणारे, जळूचे अनुकरण करणारे एक कृत्रिम आमिष. पिसे, लोकर, केस, दोरा इ. पदार्थ गळावर बांधून तयार केलेल्या हलक्या आमिषास मासेमारीच्या परिभाषेत ‘माशी’ म्हणतात. प्रारंभी अशी आमिषे पाण्यावर उडणाऱ्या कीटकांसारखी करीत. पुढे डिंभ, लहान मासे, झिंगे व जळवा यांची अनुकरणेही याच नावाने ओळखली जाऊ लागली. नेहमीची वजनदार माशी दोरीला टांगली असता उभी लोंबते. संतुलित माशीत मात्र गळाच्या नेढ्यापुढे एका टाचणीवर जड मणी बसविलेला असतो व त्यामुळे ती स्थिर पाण्यातही आडवी राहते. एवढ्या एका फरकामुळे सरोवरातील मासेमारीत हा प्रकार उपयुक्त ठरला असून उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागात, विशेषतः कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वॉशिंग्टन राज्यात, तो विशेष प्रचारात आहे.

जळू व ट्राउट : जळू हा वलयी प्राणिसंघातील प्राणी होय. भारतीय वाचकास ती प्रामुख्याने रक्त शोषणारी म्हणून व आयुर्वेदातील रक्तमोक्षणाचे साधन म्हणून परिचित असते. तथापि गोड्या पाण्यातील अनेक जाती रक्त शोषीत नाहीत, तर कृमी, गोगलगायी व कीटकांचे डिंभ यांवर उपजीविका करतात. जळवा सामान्यतः दिवसा दगड, लाकूड व पाणवनस्पती यांच्या आश्रयाने राहतात आणि मंद प्रकाशात बाहेर पडतात. पोहताना जळूचे शरीर फितीसारखे चपटे होऊन वरखाली लाटेप्रमाणे हलते. थांबली, की ती आखडते व सावकाश खाली बसते. तिचा रंग काळा, तपकिरी, गर्द तांबडा किंवा शेवाळी असतो. पूर्ण वाढलेली जळू कित्येक सेंमी. लांब असली, तरी सरोवरात २–३ सेंमी. लांबीच्या अपक्व जळवाही आढळतात. लहान आकाराच्या माशीला महत्त्व येते ते यामुळेच.

ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागातील, कॅम्लूप्स शहराच्या आसपासच्या पठारावरील अनेक लहान सरोवरांत पूर्वी मासे नव्हते. विसाव्या शतकात त्यांत इंद्रधनुषी ट्राउटचे (ऑन्कोऱ्हिंकस मिकिस) बीज सोडण्यात आले. या सरोवरांचे पाणी खनिजांनी समृद्ध असल्याने त्यांत अपृष्ठवंशी प्राणी विपुल असतात व त्यांवर ट्राउट झपाट्याने वाढतो. ट्राउटच्या आहारात चिलटासारख्या कीटकांच्या कोशांचा वाटा मोठा असतो. परंतु कीटकांचे उद्‌भवन ठराविक काळातच होते. जळू मात्र वर्षभर उपलब्ध असते. म्हणून वसंतात बर्फ वितळल्यानंतर व शरदात, कीटक कमी असताना, जळूसदृश आमिषाला मासे विशेष प्रतिसाद देतात.

इतिहास : कृत्रिम माशीचा एक प्राचीन उल्लेख क्लॉडियस ईलिएनस या रोमन लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास केला आहे. मॅसिडोनियातील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याची दोन पिसे बसवीत, असे त्याचे वर्णन आहे. इंग्लंडमध्ये १४९६ मध्ये छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरील प्रबंधात बारा माश्यांचे साहित्य दिलेले आहे. आयझाक वॉल्टन याच्या द कम्प्लीट अँग्लर (१६५३) या ग्रंथाला चार्ल्स कॉटन याने १६७६ मध्ये माशीच्या मासेमारीचा भाग जोडला व या कलेला व्यवस्थित रूप आले. ही सारी परंपरा मुख्यतः वाहत्या पाण्याची होती. नदीत प्रवाहच माशीला हालचाल देतो. सरोवरात ती मच्छीमाराला द्यावी लागते.

जळूचे अनुकरण करण्यासाठी पुढे लोकर, सशाची कातडी व माराबू पिसे यांपासून लांब शेपटीच्या माश्या बांधल्या जाऊ लागल्या. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या रसेल ब्लेसिंग याने १९६७ मध्ये तयार केलेली ‘वूली बगर’ ही माशी त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून ती जळूसारखीही चालते. तथापि अशा माश्या ओढत राहिल्या तरच आडव्या राहतात. दरम्यान सरोवरात बोयाखाली माशी टांगून ती ठराविक खोलीवर स्थिर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. चिलटांच्या कोशाची माशी उभी लोंबली तरी चालते, कारण कोश स्वतःच उभा वर येतो. जळू किंवा लहान मासा मात्र उभा राहत नाही. गोठलेल्या सरोवरात बर्फाला भोक पाडून मासेमारी करणारे लोक मध्यावर टांगलेली, आडवी राहणारी धातूची आमिषे वापरीत असत. माशीला तेच तत्त्व टाचणी व मणी यांच्या साहाय्याने लावण्याचे श्रेय वॉशिंग्टन राज्यातील स्पोकॅन येथील जेरी मॅकब्राइड यांना दिले जाते. फिल रोली या कॅनेडियन लेखकाने आपल्या लेखनातून व प्रात्यक्षिकांतून या माशीचा मोठा प्रसार केला.

संतुलनाचे तत्त्व : संतुलित माशी हा तराजूच्या दांडीचाच प्रकार होय. गळाचे नेढे हा तिचा टेकू. नेढ्यामागे गळाचा दांडा, वाक व शेपटी यांचे वजन असते, तर पुढे मण्याचे. दोन्ही बाजूंचे परिबल, म्हणजे वजन व टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार, समान झाला म्हणजे माशी आडवी राहते. उदा., नेढ्यामागील भागाचे वजन ०·०६ ग्रॅ. व त्याचा गुरुत्वमध्य नेढ्यापासून ७ मिमी. अंतरावर आहे असे मानल्यास परिबल ०·४२ येते. मण्याचे वजन ०·१ ग्रॅ. असल्यास त्याचे केंद्र नेढ्यापुढे ४·२ मिमी. अंतरावर हवे (टाचणीचे वजन येथे सोडून दिले आहे). त्याच आकाराचा पितळी मणी सुमारे निम्म्या वजनाचा असल्याने तो जवळजवळ दुप्पट अंतरावर न्यावा लागेल. मग टाचणी गळाच्या दांड्याइतकी लांब होईल व माशीचे प्रमाण बिघडेल. टंगस्टनाची घनता पाण्याच्या सुमारे १९ पट, तर पितळेची सुमारे साडेआठ पट आहे. टंगस्टनाचे मणी महाग असूनही वापरतात, ते या कारणाने.

संतुलनाबरोबर स्थैर्यही आवश्यक असते. सरळ नेढ्याच्या गळात टेकू व गुरुत्वमध्य जवळजवळ एकाच रेषेत येतात आणि किंचित धक्क्यानेही माशी कलते व कललेलीच राहते. म्हणून येथे नेढ्याजवळ ६०° किंवा ९०° कोनात वाकविलेला गळ घेतात. त्याचे नेढे दांड्याच्या वर राहते, गुरुत्वमध्य टेकूच्या खाली येतो आणि कललेली माशी लंबकाप्रमाणे पुन्हा मूळ स्थितीला येते. या गळाचे टोक वरच्या बाजूस राहत असल्याने तो तळाच्या वनस्पतीत कमी अडकतो, हा आणखी एक लाभ.

लहान माशीचा प्रश्न : माशी लहान केली, की हे गणित अवघड होते. मण्याचा व्यास तीन-चतुर्थांश केल्यास त्याचे वजन २७/६४, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. माशीची सर्वच मापे त्या प्रमाणात घटविल्यास अंतरही तीन-चतुर्थांश होते आणि परिबल ८१/२५६, म्हणजे जेमतेम एक-तृतीयांश उरते. दोरीचा ताठरपणा मात्र तेवढाच राहतो. मोठ्या माशीत नगण्य असलेला गाठीचा घट्टपणा लहान माशीला वाकडी धरून ठेवण्यास पुरेसा ठरतो. म्हणून लहान माशीला बारीक दोरी व नेढ्यात मोकळी फिरणारी, न आवळणारी फासाची गाठ अपरिहार्य असते. घट्ट गाठीने बांधलेली माशी उत्तम संतुलित असली, तरी पाण्यात तशी वागत नाही.

साहित्य : गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान असतो. संतुलित जळूसाठी सामान्यतः ८ ते १२ क्रमांकांचे, तर लहान प्रकारासाठी १२ ते १६ क्रमांकांचे गळ घेतात. त्यांना अनुरूप असे २ ते ३·२ मिमी. व्यासाचे टंगस्टन मणी वापरतात. टाचणी शिवणकामातील टिकल्या बसविण्याच्या लहान टाचणीसारखी, बारीक व ताठ असावी आणि तिचे डोके मण्याच्या भोकातून निसटणार नाही एवढे असावे. शेपटीसाठी माराबू पिसे लागतात. माराबू हा भारतातील क्षत्रबलाकाच्या प्रजातीतला आफ्रिकी पक्षी. पूर्वी त्याची पिसे वापरीत, आता त्या नावाने पाळीव टर्कीची मऊ पिसे विकली जातात. या पिसांचे तंतू ओले झाल्यावर पाण्याच्या अत्यल्प हालचालीनेही डुलतात. धडासाठी मोहेर लोकर, सीलच्या केसांसारखे कृत्रिम तंतू किंवा त्यांचे मिश्रण घेतात. त्यात थोडे चमकदार तंतूही मिसळतात. काळा, गर्द तांबडा, तपकिरी व शेवाळी हे नेहमीचे रंग होत. याखेरीज गळ धरण्यासाठी लहान शेगडा, दोऱ्याची बॉबिन, बारीक कात्री व सायनोॲक्रिलेट गोंद एवढी सामग्री पुरते.

बांधणी : प्रथम गळाच्या टोकाजवळील उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करतात. नंतर मणी टाचणीत ओवून डोक्यापर्यंत सरकवितात. गळ शेगड्यात, टोक खाली राहील असा, पकडून दांड्यावर दोऱ्याचा पाया घालतात आणि टाचणी दांड्याच्या वरच्या अंगास त्याला समांतर ठेवून घट्ट बांधतात. पाण्यात गळ उलटा होत असल्याने हीच बाजू पुढे खालची होते. मण्याचे केंद्र नेढ्यापुढे किती न्यावयाचे हे या वेळी ठरते. म्हणून टाचणी आरंभी सैल बांधून, गळ नेढ्याशी टांगून पाहून मगच ती पक्की करणे सोयीचे असते. टाचणीची मागील बाजू दांड्याच्या लांबीच्या अर्ध्याहून अधिक राहील अशी तोडतात. ती फार आखूड राहिल्यास मासा ओढीत असताना टाचणी फिरते. संपूर्ण बांधणीवर गोंदाचा पातळ थर देतात.

यानंतर दांड्याच्या शेवटी माराबूचा लहानसा झुबका शेपटी म्हणून बांधतात. त्याची लांबी दांड्याएवढी असावी. ती अधिक झाल्यास कात्रीने न कापता बोटांच्या चिमटीत धरून खुडतात. कापलेली कड बोथट दिसते, तर खुडलेली निमुळती राहते. लहान माशीत पिसाचा एक छोटा भाग पुरेसा होतो. जास्त पिसे वापरणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष असून त्यामुळे शेपटी डुलण्याऐवजी झाडूसारखी ताठ राहते.

धडासाठी दोऱ्याचा फास करून त्यात तंतू विरळ पसरतात व फासाला पीळ देतात. असा केसाळ दोर शेपटीपासून पुढे गुंडाळीत नेतात आणि प्रत्येक वेढ्यानंतर तंतू मागे विंचरतात. नेढ्याच्या दोन्ही बाजूंनी वेढे देऊन ते मोकळे ठेवतात व मण्यापर्यंतची उघडी टाचणीही तंतूंनी झाकतात. अन्यथा मणी आणि धड वेगवेगळे दिसतात. मण्यामागे शेवटची गाठ देऊन दोरा तोडतात. शेवटी एखाद्या ताठ कुंचल्याने तंतू सोडवून माशीला निमुळता आकार देतात.

परीक्षा : तयार माशी दोऱ्याच्या फासाला टांगून पाहतात. मात्र हवेतील संतुलन व पाण्यातील संतुलन एकच नसते. पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे पोलादी गळाचे वजन सुमारे १३ टक्क्यांनी घटते, तर टंगस्टनाचे ५–६ टक्क्यांनीच. पिसांचे वजन तर पाण्यात बहुतांशी नाहीसेच होते. परिणामी हवेत अगदी आडवी राहणारी माशी पाण्यात भिजल्यावर डोके खाली झुकविते. म्हणून हवेत शेपूट किंचित खाली राहील अशी माशी योग्य समजावी व अंतिम परीक्षा पाण्याच्या पेल्यात घ्यावी. त्यापूर्वी माशी बोटांनी दाबून तंतूंतील हवेचे बुडबुडे काढणे आवश्यक आहे. डोके फार झुकल्यास शेपटीकडे दोऱ्याचे काही वेढे किंवा बारीक तार घालून दुरुस्ती करता येते. परंतु पुढच्या माशीत मणी थोडा मागे घेणे हाच खरा उपाय होय.

वापर : माशी बोयाखाली, तळापासून सुमारे ३० ते ५० सेंमी. उंचीवर राहील अशी टांगतात. पाण्याची खोली काठीच्या लांबीपेक्षा अधिक असल्यास मासा लागताच सुटून दोरीवर घसरणारा बोया वापरतात. नाही तर मासा नावेजवळ आणता येत नाही. लाटांवर बोया वरखाली होतो, त्याबरोबर माशीही उठते व बसते आणि नेढ्याभोवती किंचित हेलकावते. मच्छीमार मधूनमधून दोरी थोडी ओढतो व थांबतो. साधी वजनदार माशी थांबताच डोक्यावर बुडी मारते, तर संतुलित माशी आडवीच राहून सावकाश खाली बसते. ट्राउट बहुधा याच क्षणी ती घेतो. बोया बुडणे ही ठळक खूण. परंतु तो नुसता कलणे किंवा वाऱ्याच्या दिशेविरुद्ध सरकणे, हीही पुष्कळदा मासा लागल्याची खूण असते.

उलटा काटा नसलेला गळ माशाच्या तोंडातून सहज निघतो. मासा पाण्यात परत सोडण्याची प्रथा जेथे आहे तेथे याला विशेष महत्त्व आहे. उन्हाळ्यात पाणी तापल्यावर त्यातील ऑक्सिजन घटतो आणि दमलेला ट्राउट सोडूनही मरण्याचा संभव वाढतो. अशा वेळी मासेमारीच थांबविणे इष्ट ठरते.

शिसे व जलपक्षी : माशीला वजन देण्यासाठी पूर्वी शिशाची तार सर्रास वापरीत. तुटलेल्या दोरीबरोबर शिसे पाण्यात राहते. हंस व लून यांसारखे पक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात. त्यांबरोबर शिशाचे तुकडेही पेषणीत जातात. तेथे ते झिजून रक्तात मिसळतात. एखादा तुकडाही पक्ष्याचा जीव घेण्यास पुरेसा होऊ शकतो. ब्रिटनमध्ये मूक हंसांच्या मृत्यूंचा संबंध शिशाशी जोडला गेल्यावर १९८७ पासून ०·०६ ते २८·३५ ग्रॅ. वजनाच्या शिशाच्या बुडींच्या विक्रीस बंदी झाली. कॅनडाने १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्याने व राष्ट्रीय वन्यजीव क्षेत्रे यांत ५० ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजने वापरण्यास मनाई केली. टंगस्टन शिशाहून जड व त्यामानाने बराच कमी विषारी असल्याने पर्याय म्हणून पुढे आला. संतुलित माशी शिशाऐवजी मुख्यतः टंगस्टनावरच आधारलेली आहे, ही तिची एक जमेची बाजू होय.

मतभेद : बोयाखाली जड मणी टांगून केलेल्या मासेमारीस ‘माशीची मासेमारी’ म्हणावे की नाही, याविषयी एकमत नाही. परंपरानिष्ठांच्या मते या कलेचे सार जड दोरी हवेतून फेकून वजनरहित माशी पाण्यावर अलगद टेकविण्यात आहे. समर्थकांचे म्हणणे असे, की माशी हाताने बांधणे आणि सजीवाचे निरीक्षण करून त्याची हालचाल साधणे हेच सार होय. वजन कोठे आहे हा गौण प्रश्न आहे. वादाचा निर्णय कसाही लागो, या माशीने एक गोष्ट दाखवून दिली. अनुकरणात रंग व आकार यांइतकीच प्राण्याची पाण्यातील स्थिती महत्त्वाची असते.

भारतात ट्राउट मूळचा नाही. ब्रिटिश अमदानीत तो काश्मीर, हिमाचल प्रदेश, निलगिरी इ. थंड प्रदेशांत आणला गेला व तेथील काही जलाशयांत स्थिरावला. महाराष्ट्रातील जलाशयांचे पाणी त्याला मानवण्याइतके थंड नसते. तथापि तराजूच्या तत्त्वावर रचलेली ही माशी जळूपुरतीच मर्यादित नाही. त्याच पद्धतीने लहान माशांची व चतुरांच्या डिंभांची अनुकरणेही बांधली जातात आणि स्थिर पाण्यात भक्ष्य शोधणाऱ्या इतर माशांसाठीही ती उपयोगी पडतात.